दोन रुपयांची नकाशावाली नाणी: झिजलेलं कुठलं आणि मुळातच पुसट कुठलं?

गल्ल्यावरचा_इचलकरंजी

नमस्कार मंडळी, आमचं किराणा दुकान आहे, रात्री गल्ला मोजायचं काम माझ्याकडं असतं त्यामुळं चिल्लर रोज हातातून जाते. ती जुनी अकरा कोनांची दोन रुपयांची नाणी मी बाजूला काढतोय, एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला भारताचा नकाशा, त्यात झेंडा, आणि राष्ट्रीय एकता असं लिहिलेलं. १९९२ पासून २००४ पर्यंतची सालं आणि जमेल तेवढ्या टांकसाळी असा सेट करायचाय. विकत घ्यायचं नाही, फक्त गल्ल्यात आलेलं घ्यायचं असं ठरवलंय.

आता अडचण अशी की माझ्याकडं एक १९९४ चं आहे त्यात झेंड्याच्या रेघा दिसतात, सिंहाची आयाळ दिसते, आणि २००२ चं आहे ते पार गुळगुळीत, मधला सिंह म्हणजे नुसता फुगवटा. जुनं जास्त झिजायला पाहिजे ना? आणि तिसरं एक आहे त्यात अक्षरं एकदम कडक आहेत पण सिंहाची छाती पुसट आहे, मग ते झिजलेलं म्हणायचं की टांकसाळीतनंच तसं आलंय? एका साल-टांकसाळीचं एकच ठेवायचं तर कुठलं ठेवू ते कळेना. साफ करायचं की नाही तेपण सांगा, काहींवर काळा थर आहे.

पुणेरी_भिंग

छान सेट निवडलाय, ही नाणी हळूहळू दिसेनाशी व्हायला लागलीत, आत्ताच करून घ्या.

तुमचा तिसऱ्या नाण्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून तो आधी घेतो. नाणं पाडताना कोरी चकती दोन डायच्या, म्हणजे नक्षी कोरलेल्या ठशांच्या, मध्ये दाबली जाते आणि धातू डायच्या खोलगट भागात चढतो. डायमध्ये जो भाग सगळ्यात खोल तोच नाण्यावर सगळ्यात उंच येतो, म्हणजे आपल्या बाबतीत मधल्या सिंहाची छाती, नाक आणि आयाळ. दाब कमी पडला की धातू नेमका तिथंच पूर्ण चढत नाही. आणि नाणं वापरात आलं की पहिली घासली जाते ती पण हीच जागा, कारण तीच उंच. त्यामुळं वीक स्ट्राइक, म्हणजे हा कमी पडलेला ठसा, आणि झीज दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात आणि लोक गोंधळतात, त्यात तुमचं काही चुकत नाहीये.

ओळखायचं कसं, तर खोलीतला मोठा दिवा बंद करा, मोबाईलचा टॉर्च नाण्याच्या जवळजवळ पातळीत आडवा धरा आणि नाणं बोटांत हळूहळू फिरवा. दहा पट भिंग असेल तर उत्तमच. वीक स्ट्राइक असेल तर तो पुसट भाग खरखरीत, बारीक दाणेदार दिसतो, मूळ चकतीचा पृष्ठभाग तसाच राहिलेला असतो, कधी चकतीवरचे बारीक ओरखडेपण तिथं शिल्लक असतात, आणि त्याच्या शेजारची अक्षरं मात्र तीक्ष्ण, कडा भरलेली. झीज असेल तर तो भाग सपाट आणि गुळगुळीत, टॉर्चखाली तेवढाच तुकडा वेगळ्या राखाडी रंगानं चमकतो, आणि झीज एकट्या छातीवर थांबत नाही, भारत आणि इंडिया या अक्षरांचा माथापण चपटा झालेला असतो, अकरा कोन गोल झालेले असतात. तुम्ही म्हणताय अक्षरं कडक आहेत, म्हणजे वीक स्ट्राइकच असणार, पण टॉर्च लावून खात्री करा.

तिसरा एक प्रकार असतो, डायच जुनी झालेली. तेव्हा अक्षरं जाड, मऊ, कडेकडे ओढल्यासारखी दिसतात आणि मधनं कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात. असं नाणं बँकेतल्या कोऱ्या पिशवीतनं काढलं तरी पुसटच असतं.

झिजण्याचा क्रमपण सांगतो, एकदा डोळ्यात बसला की झटकन कळतं. सिंहाच्या बाजूला आधी मधल्या सिंहाचं नाक आणि छाती, मग बाजूच्या दोन सिंहांची आयाळ, मग खालच्या पट्टीवरचं चक्र, त्याचे आरे एकमेकांत मिसळतात, आणि घोडा-बैल नुसते ठिपके होतात. नकाशाच्या बाजूला आधी झेंड्यातलं चक्र जातं, मग झेंड्याच्या घड्या, आणि सगळ्यात शेवटी नकाशाची किनार. किनारच गेली असेल तर ते नाणं खूप फिरलंय.

आणि एक सावधगिरी. टांकसाळीची खूण सालाखाली असते, मुंबई म्हणजे हिरा, हैदराबाद म्हणजे तारा, नोएडा म्हणजे ठिपका, आणि कोलकाता म्हणजे काहीच नाही. झिजलेल्या नाण्यात नोएडाचा ठिपका घासून जातो आणि माणूस ते कोलकाता म्हणून सेटमध्ये लावून मोकळा होतो. सालाचे आकडे चपटे झालेले असतील तर खूण नाही म्हणून कोलकाता असं मी कधीच लिहीत नाही, आकडे तीक्ष्ण आहेत आणि खाली जागा स्वच्छ आहे तेव्हाच लिहितो.

निवृत्त_कॅशियर_ताई

जुन्या सालाचं नाणं जास्त झिजायला पाहिजे हे बरोबर वाटतं पण तसं नसतं दादा. माझी नोकरी सगळी कॅश काउंटरला गेली म्हणून सांगते. नाण्यावरचं साल म्हणजे पाडल्याचं साल, ते लोकांच्या हातात कधी आलं ते त्यावर कुठं लिहिलेलं असतं. करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे बँकेच्या नोटा-नाण्यांच्या कोठारात, पिशव्या एकावर एक रचलेल्या असतात, वरची आधी जाते आणि खालची तशीच राहते. मग बाहेर आल्यावरपण प्रत्येकाचं नशीब वेगळं, एखादं नाणं कुणाच्या घरी पिगी बँकेत जाऊन पडतं, एखादं देवीच्या ओटीत बांधलं जातं आणि कपाटात राहतं, आणि एखादं एसटीच्या कंडक्टरच्या चामडी बॅगेत जातं आणि दिवसभर शंभर नाण्यांबरोबर हादरे खातं. ती कंडक्टरची बॅग नाण्याला सगळ्यात जास्त घासते असं माझं ठाम मत आहे, कारण तिथं नाण्यावर नाणं घासतं. हाताच्या बोटांनी एवढं काही होत नाही.

रुपयाच्या नाण्याचं अजून एक होतं, ते लाल डब्याचे फोन आठवतात का, दुकानाबाहेर लटकवलेले, रुपया टाकला की बोलणं सुरू. त्या पेट्यांतली नाणी संध्याकाळी आमच्याकडं यायची आणि दुसऱ्या दिवशी परत बाजारात जायची. स्टेशनवरच्या वजनकाट्याचंपण तेच. एकेका नाण्याच्या किती फेऱ्या व्हायच्या त्याला हिशोब नाही.

मंदिराच्या दानपेटीतली चिल्लर आली की ती लगेच ओळखू यायची. हळदकुंकू अक्षरांच्या खाचेत बसलेलं, तेलाचा चिकट थर, पण त्याखाली नाणं बऱ्याचदा चांगलं असतं कारण ते जास्त फिरलेलं नसतं. तुमच्याकडचा काळा थर तसलाच असेल तर घाबरू नका.

आणि एक माहिती म्हणून, रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगून ठेवलंय की एक आणि दोन रुपयांची नाणी वजनावर घेता येतात, पण शंभर-शंभरच्या प्लास्टिक पिशव्या करून घेणं सोयीचं. तुम्हाला जास्त नाणी चाळायची असतील तर ओळखीच्या बँकेत अशी शंभराची पिशवी मागा, चाळा, बाकीची दुकानात चालवा. दुकानदाराला चिल्लर देताना कुणी नाही म्हणत नाही.

गोदाकाठ

थर म्हणजे झीज नाही आणि गंज म्हणजेपण झीज नाही, हे कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहितोय.

आमच्याकडं नाशकात रामकुंडावर लोक नदीत नाणी टाकतात आणि पोरं दोरीला लोहचुंबक बांधून ती काढतात. आता गंमत बघा, चुंबकाला फक्त स्टीलची नाणी लागतात, म्हणजे १९९२ नंतरचा रुपया, २००५ नंतरचे दोन रुपये, पन्नास पैसे, पंचवीस पैशांचा गेंडा वगैरे. तुमचं अकरा कोनी दोन रुपयांचं नाणं क्युप्रोनिकेलचं, ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल, ते चुंबकाला लागतच नाही, ते गाळात राहतं. पात्र आटलं किंवा साफसफाई झाली की मग हातानं निघतं. असं नाणं मिळालं तर लगेच कळतं, पृष्ठभागावर बारीक खड्डे, रंग तपकिरी-लालसर, कारण वरचा भाग पाण्यानं खाल्लेला असतो. नक्षी पुसट असते पण गुळगुळीत नसते, बोट फिरवलं तर खरबरीत लागतं. ते नाणं फिरून झिजलेलं नाही, पाण्यात पडून खराब झालेलं आहे, सेटमध्ये दोन्हीला एकच शेरा देऊ नका.

ॲल्युमिनियमच्या जुन्या पैशांचं तर नदीत फारच वाईट होतं, ते चौकोनी पाच पैसे, करवतकाठी दहा पैसे, सहा कोनांचे वीस पैसे, पांढरी भुकटी सुटते आणि कडा खाल्ल्या जातात. धातू मऊ असल्यामुळं जमिनीवर पडूनसुद्धा कोपरा दबतो. त्यांच्यात झीज कमी आणि पोचे जास्त असंच दिसतं.

स्टीलचा_रुपया

पुणेरी_भिंग यांचं सगळं पटलं पण एका साल-टांकसाळीचं एकच आणि सगळ्यात चांगलं तेवढंच ठेवायचं या विचाराशी मी सहमत नाही. कोरं नाणं डीलरकडं कधीही मिळेल. गल्ल्यातनं सेट करताय तर गल्ल्यात जे घडलंय ते दिसू दे की सेटमध्ये. माझं असं आहे की एका जातीच्या नाण्याची मी एक रांग करतो, डावीकडं अगदी कोरं, मग थोडं फिरलेलं, मग चक्राचे आरे गेलेलं, मग आयाळ गेलेलं, आणि उजवीकडं शेवटी नुसता नकाशाचा उंचवटा राहिलेलं. अशी रांग एकदा समोर ठेवली की नवीन नाणं हातात आलं तर ते कुठं बसतं हे बघून सांगता येतं, नाण्याच्या दर्जाची व्हीएफ आणि एक्सएफ ही अक्षरं पाठ करण्यापेक्षा हे खूप उपयोगी आहे. आणि अगदी सपाट झालेलं पण साल वाचता येणारं नाणं शोधून बघा, कोरं मिळवण्यापेक्षा ते अवघड जातं, कारण तसली नाणी कुणी जपूनच ठेवत नाही.

ही रांग धातूनुसार करून बघा म्हणजे फरक डोळ्यासमोर येतो. स्टीलचा रुपया, १९९२ पासूनचा, आकड्याच्या दोन्ही बाजूला धान्याच्या लोंब्या असलेला, तो ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. स्टील कडक असल्यानं डायवर ताण येतो म्हणून नक्षी मुळातच उथळ ठेवलेली असते, आणि कडक असल्यानंच ती झिजतेपण हळू. त्यामुळं पंचवीस वर्षं फिरलेला रुपया चकचकीत दिसतो, सगळीकडं बारीक ओरखड्यांचं जाळं असतं पण लोंब्यांचे दाणे अजून मोजता येतात. तेवढंच फिरलेलं क्युप्रोनिकेलचं दोन रुपयांचं नाणं मात्र सपाट.

जुनं जाड पाच रुपयांचं, ९ ग्रॅमचं, १९९२ नंतरचं, तेपण क्युप्रोनिकेलच. त्याची कड बघा, मध्ये खाच आणि खाचेत नक्षी. ती खाचेतली नक्षी खोलात असल्यामुळं वाचते, दोन्ही तोंडं सपाट झाली तरी कडेला खाच दिसते, फक्त मळ भरलेला असतो. २००९ नंतरचं पिवळं पाच रुपयांचं निकेल-ब्रासचं, ते झिजण्याआधी काळवंडतं, तपकिरी होतं, आणि उंच भाग हातानं घासून पिवळे राहतात त्यामुळं कुठं झीज सुरू झालीय ते रंगावरूनच कळतं. शिकायला हे नाणं सगळ्यात सोपं.

दहाच्या नाण्यात दोन धातू म्हणून दोन गती. बाहेरची पिवळी रिंग काळी पडते आणि मधला पांढरा भाग तसाच राहतो, दोन्हीच्या सांध्यात मळाची काळी रेघ येते. बऱ्याच गावांत हे बघूनच दुकानदार खोटं म्हणायचे, रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावं लागलं की दहाची १४ डिझाइन्स आहेत आणि सगळी चालतात. तुमच्या दुकानात कुणी दहाचं काळं नाणं दिलं तर खुशाल घ्या.

अजून एक, २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम, म्हणजे जुन्या स्टीलच्या रुपयाएवढंच. आणि २०११ चा रुपया जुन्या पन्नास पैशांएवढा. रात्री गल्ला चाळताना अंदाजानं हात घालू नका, सपाट झालेली असतील तर सहज अदलाबदल होते.

पुणेरी_भिंग

रांगेची कल्पना चांगली आहे, मान्य. फक्त रांग वेगळी आणि सेट वेगळा ठेवा एवढंच माझं म्हणणं, नाहीतर नंतर बदली करताना गोंधळ होतो.

गल्ल्यावरचा_इचलकरंजी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री टॉर्च लावून बघितलं, तिसऱ्या नाण्याची छाती खरंच दाणेदार आहे, चमकत नाही, आणि कोन एकदम टोकदार आहेत. म्हणजे वीक स्ट्राइक. २००२ चं मात्र झिजलेलंच, झेंड्याच्या जागी नुसती फुगीर पट्टी राहिलीय. त्याच्या सालाखाली काही दिसत नाही पण आकडे चपटे आहेत म्हणून कोलकाता न लिहिता प्रश्नचिन्ह टाकलंय.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, वजनावरून झीज मोजता येते का, दुकानात सोन्याचा काटा नाही पण ऑनलाइन ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा मिळतोय. दुसरं साफसफाईचं. घरात आई म्हणते चिंच लाव, शेजारचे काका म्हणतात टूथपेस्ट.

पुणेरी_भिंग

चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख, पितळ घासायची पावडर, यातलं काहीही नको, आईंना माझा नमस्कार सांगा आणि नाही म्हणा. खाचेत बसलेला तो काळा थर नक्षी उठून दिसायला मदत करतो, तो गेला की नाणं फिकट, गुलाबीसर, मेलेलं दिसतं आणि टॉर्चखाली एकाच दिशेच्या बारीक रेघाच रेघा दिसतात. त्या रेघा परत जात नाहीत आणि मग झीज कुठली, घासणं कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही. हळदकुंकू-तेल असेल तर कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, मग डिस्टिल्ड वॉटरनं धुवा आणि सुती कापडावर ठेवून टिपून घ्या, पुसायचं नाही. तेल हटतच नसेल तर शुद्ध ॲसिटोन, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात रंग-वास-तेल काय काय असतं.

ठेवायला कार्डबोर्डचे दोन बाय दोन इंचांचे होल्डर घ्या. ती मऊ, वास येणारी प्लास्टिकची पानं पीव्हीसीची असतात, दोन-तीन पावसाळ्यांत क्युप्रोनिकेलवर हिरवा चिकट थर येतो. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि नाणं कायम कडेला धरून उचला.

वजनाचं स्टीलचा_रुपया सांगतील, त्यांच्याकडं काटा आहे.

स्टीलचा_रुपया

हो, काटा घ्याच, स्वस्त आहे. अकरा कोनी दोन रुपयाचं ठरलेलं वजन ६ ग्रॅम. पण एकच नाणं तोलून निष्कर्ष काढू नका, नवीन नाण्यातसुद्धा टांकसाळीत थोडा फरक चालवून घेतात, त्यामुळं ५.९५ दिसलं तर झीजच आहे असं म्हणता येत नाही. मी काय करतो, सारख्या दिसणाऱ्या दहा-दहाच्या गड्ड्या करतो, दहा चांगली एकत्र तोलायची, दहा सपाट एकत्र तोलायची, मग फरक स्पष्ट दिसतो. आणि तोलण्याआधी मळ गेलेला पाहिजे, खाचेतला मळपण वजन दाखवतो.

डोळ्याला नाणं अर्धं गेल्यासारखं वाटतं पण काट्यावर फरक फार थोडा निघतो, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. नक्षीचा उंचवटाच मुळात एवढा कमी असतो की तो सगळा गेला तरी चकती शाबूत राहते.

निवृत्त_कॅशियर_ताई

वजनावरून आठवलं, २०११ च्या नाणे कायद्यात हे लिहिलेलंच आहे, नाणं विद्रूप केलेलं नसेल आणि ठरवून दिलेल्या वजनाच्या खाली गेलेलं नसेल तर ते चलन म्हणून चालतं. म्हणजे नुसतं गुळगुळीत झालं म्हणून दुकानदारानं किंवा बँकेनं नाही म्हणायचं कारण नाही. भोक पाडलेलं, ठोकून चपटं केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. लॉकेट करायला भोक पाडलेली, रुळावर ठेवून चपटी केलेली अशी काउंटरला बरीच यायची.

दादा, तुमच्या भागात १९९९ चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं गल्ल्यात येतं का बघा. तेपण अकरा कोनी क्युप्रोनिकेलच. आमच्याकडं लोकांनी ते आल्या-आल्या काढून ठेवलं, देवघरात ठेवलं, त्यामुळं चांगली मिळतात, त्याच वर्षाचं नकाशावालं त्यामानानं फार झिजलेलं असतं. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

गल्ल्यावरचा_इचलकरंजी

ताई, महाराजांची दोन आहेत घरी, आजीच्या डब्यात, दोन्हीत चेहऱ्याचा उंच भाग अजून छान आहे. १९९९ ची नकाशावाली चार निघाली त्यातलं एकपण तेवढं चांगलं नाही, तुम्ही म्हणता तसंच आहे. काटा मागवलाय. शंभराच्या पिशवीचं उद्या बँकेत विचारतो, आणि कुणाकडं २००३ चं ठिपकेवालं जास्तीचं असेल, आकडे वाचता येणारं, तर कळवा, झिजलेलं चालेल, बदल्यात माझ्याकडं १९९४ आणि १९९८ ची हिरेवाली आहेत.

गोदाकाठ

१९९८ चं हिरेवालं मला पाहिजे. माझ्याकडचं २००३ आज टॉर्चखाली बघून ठिपका नक्की करतो आणि रात्री फोटो टाकतो, दोन्ही बाजूंचा आणि कडेचा.